रात्री बारा वाजता कोणाशी भांडता, दादा?

आलेलं पत्र :

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा कास्तकार. सात एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. २०१९ साली आमच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. बाजार समितीचा भाव, थ्री फेज लाइन कधी येणार, निंदणाले बाया कुठं भेटतील, कोणाचं ढोर हरवलं, वाघाचे ठसे कोणत्या शिवारात दिसले, असं सारं त्याच्यावर चाले. चाळीस माणसं होती. मंग एका कृषी केंद्रवाल्या मित्रानं ग्रुपची लिंक दुकानाच्या फ्लेक्सवर छापली. आज साडेनऊशे नंबर आहेत अन् त्यातले अर्धे कोणाचे हे मलेच माहीत नाही.

दोन वर्षांपासून डोक्शाले नुसता ताप. 'पाच मिनिटांत लोन', 'घरबसल्या रोजचे तीन हजार', शेअर बाजाराच्या टिपा, अन् सांगता येत नाही असे फोटो. फोटोपायी गावच्या चार बाया ग्रुप सोडून गेल्या. मागच्या महिन्यात माह्या चुलतभावाच्या नंबरवरून 'पीएम किसान' नावाची फाइल पडली. एका म्हाताऱ्यानं ती उघडली अन् त्याच्या खात्यातून अठरा हजार गेले. चुलतभाऊ म्हणते, मी पाठवलीच नाही. गाव त्याले चोर म्हणून राहिलं.

मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत या लोकांसोबत भांडतो, शिव्याही देतो. १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करायची सोय) लावलं, फरक नाही. वरून कोणी म्हणते, अ‍ॅडमिनलेच जेल होते. तिकडून मोठे काका रोज पंधरा फॉरवर्ड टाकतात, डिलीट केलं की बोलणं सोडतात. आता ग्रुपच बंद करू, का फक्त अ‍ॅडमिनलेच लिहिता येईल असं करू? बायको म्हणते, तो फोन विहिरीत टाका.

– एक वैतागलेला अ‍ॅडमिन"

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा चुलतभावापाशी येऊन थांबले. त्याच्याकडे येतेच, तीच गोष्ट सगळ्यात निकडीची आहे. पण आधी तुमच्या रात्रीच्या भांडणांचं पाहू, कारण त्यात तुमची झोप जाते आणि समोरच्याचं काहीच जात नाही.

तुम्ही ज्याला शिव्या देता तो बहुतेक वेळा माणूस नसतोच. एक प्रोग्राम असतो, हजारो ग्रुपांत एकच मजकूर टाकत सुटलेला. किंवा कुठंतरी बसलेला एखादा पोरगा असतो, ज्याच्यासमोर दहा-वीस फोन मांडलेले असतात. त्यानं तुमच्या ग्रुपात जाहिरात टाकली आणि पुढं गेला. तुमचं उत्तर वाचायला तो थांबत नाही. वाचतात कोण? तुमच्या गावची साडेतीनशे-चारशे माणसं. म्हणजे जाहिरात ज्यांच्या नजरेतून सुटली असती, त्यांनाही तुमच्या भांडणामुळं ती दिसली. माझ्या माहेरी एक म्हातारा होता, रस्त्यावर शेण पडलेलं दिसलं की अर्धा तास तिथंच उभा राहून कोणाच्या ढोरानं टाकलं याची चौकशी करायचा. जाणारा-येणारा थांबायचा. शेण तिथंच.

हा धंदा चालतो कसा, हे एकदा कळलं की राग थोडा निवतो. २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी एक गंमतशीर काम केलं. नको असलेल्या जाहिरातींच्या ईमेल पाठवणाऱ्या एका मोठ्या जाळ्यात ते स्वतःच शिरले, आणि औषधांच्या जाहिरातीचे किती मेल सुटतात, त्यातून किती जण विकत घ्यायला येतात, हे मोजलं. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल गेले. खरेदीपर्यंत पोचले २८ जण. सव्वा कोटी मेलमागं एक गिऱ्हाईक! आपल्याकडं कोणी सव्वा कोटी सरक्या टोबून एकच झाड उगवलं तर तो शेती सोडून देईल. पण यांना बियाणं फुकट, मजुरी फुकट, वावर दुसऱ्याचं. त्यामुळं एक झाडही परवडतं. अशा माणसाला लाज वाटेल, तो कंटाळेल, शिवी लागेल, यातलं काही होत नाही. त्याला फक्त एकच गोष्ट अडवते. आत शिरायला वाटच नसली तर तो पुढच्या गावी जातो.

आणि तुमची वाट तर फ्लेक्सवर छापलेली आहे!

लिंक ज्याच्या हाती पडली तो ग्रुपात येतो, तुम्हाला विचारण्याची गरजच नाही. फ्लेक्सचा फोटो कोणी फेसबुकवर टाकला असेल, तिथून ती लिंक कुठल्या कुठं गेली असेल. अशा उघड्या लिंका गोळा करून विकणारे आहेत. म्हणून हे काम आज संध्याकाळीच करा, दहा मिनिटांचं आहे. ग्रुपच्या नावावर बोट ठेवा, निमंत्रणाच्या लिंकचं पान उघडा, तिथं लिंक रिसेट करायची सोय आहे. ती केली की जुनी लिंक आणि तिचा क्यूआर कोड दोन्ही मेले. मग परवानग्यांच्या पानावर जाऊन नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी खूण करा आणि इतरांनी माणसं जोडायची सोयही फक्त अ‍ॅडमिनकडं ठेवा. यानंतर येणारा दारात उभा राहील. गाव कोणतं, कोणाच्या ओळखीनं आलास, एवढं विचारलं तरी पुरे. गावातला माणूस दोन ओळींत सांगतो. बाहेरचा प्रोग्राम उत्तरच देत नाही.

मग आतली साफसफाई. साडेनऊशे नंबर एकट्यानं पाहू नका, वेडे व्हाल. सदस्यांची यादी उघडा आणि सुरुवातीला फक्त परदेशी नंबर वेचा. +८४ म्हणजे व्हिएतनाम, +६२ इंडोनेशिया, +२५४ केनिया, +२५१ इथिओपिया. २०२३ मध्ये असल्याच नंबरांवरून भारतभर व्हॉट्सअ‍ॅपवर फोनांचा पाऊस पडला होता, तुम्हालाही आले असतील. व्हिएतनामच्या माणसाला राळेगावच्या कापसाचा भाव घेऊन काय करायचं आहे? काढा. पण +९७१ किंवा +९६६ दिसला तर हात आवरा. तो गावचाच पोरगा असू शकतो, दुबईला किंवा सौदीला कामाला गेलेला, रात्री खोलीवर पडून आपल्या गावी पाऊस पडला का हे पाहणारा. त्याला काढलंत तर त्याची माय तुमच्या घरी येईल, आणि बरोबरच येईल.

उरलेल्या अनोळखी नंबरांसाठी एक संदेश टाका : "पंधरा दिवसांत आपलं नाव आणि वस्ती लिहा, नाहीतर नंबर निघेल." काही खरे लोकही निघतील, कारण आपल्याकडं वाचणारे कमी आणि न वाचता अंगठा दाखवणारे जास्त. निघू द्या. ज्याला गरज आहे तो पारावर तुम्हाला पकडून विचारेलच.

आता चुलतभाऊ.

दादा, तो खरं बोलतो आहे, याची शक्यता फार मोठी आहे. 'पीएम किसान' नावानं आलेली ती फाइल म्हणजे एपीके. एपीके म्हणजे अ‍ॅपचं बाचकं. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेतलं की निदान थोडी तपासणी झालेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या एपीकेची कोणीच केलेली नसते. ती नुसती फोनात येऊन पडली तर काही होत नाही. उघडून इन्स्टॉल केली, फोननं "अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, चालेल का?" असं विचारल्यावर हो म्हटलं, आणि मग अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली तीही दिली, की खेळ सुरू. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी चोराकडंही पोचतो. शिवाय अशा अ‍ॅपांतली बरीच पुढं तुमच्याच नंबरवरून तुमच्या ओळखीच्या लोकांना आणि ग्रुपांना तीच फाइल पाठवतात. चुलतभावानं कधीतरी, कदाचित हप्ता अडकला म्हणून घाईत, ती फाइल उघडली असणार. त्याच्या नकळत ती तुमच्या ग्रुपात आली. म्हाताऱ्यानं ती का उघडली? कारण ती ओळखीच्या माणसाकडून आली होती. अनोळखी नंबरवरून आली असती तर त्यानं तोंड वाकडं केलं असतं.

म्हणजे गावानं ज्याला चोर ठरवलं, त्याच्याच घरात आधी चोरी झाली. हे ग्रुपवर तुम्ही स्वतः, अ‍ॅडमिन म्हणून, स्वच्छ शब्दांत लिहा. बोलून दाखवायचा व्हॉइस मेसेज टाकलात तर आणखी चांगलं, वाचता न येणारेही ऐकतील. हे काम लिंक रिसेट करण्याच्याही आधी करा. लिंकला एक दिवस उशीर झाला तर दोन जाहिराती जास्त येतील. माणसाला लागलेला डाग मात्र आपल्या गावांत पुढच्या पिढीच्या सोयरिकीपर्यंत पुसला जात नाही.

चुलतभावाच्या फोनचं असं करा. इंटरनेट बंद, एअरप्लेन मोड. दुसऱ्या फोनवरून बँकेत कळवा आणि खातं काही काळ थांबवा. ते अ‍ॅप काढून टाका. निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्या, फोटो जातील म्हणून कुरकुरला तरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथं अनोळखी काही दिसलं तर बाहेर काढा, आणि दोन टप्प्यांची सहा आकडी पिन लावा. ही पिन तुम्हीही लावा. अ‍ॅडमिनचाच नंबर चोराच्या हाती गेला तर साडेनऊशे घरांची किल्ली गेली.

म्हाताऱ्या बाबांच्या अठरा हजारांसाठी १९३० वर फोन झाला होता का? पत्रात तुम्ही लिहिलं नाही. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाताना मध्येच कुठं अडवता आले तर परत मिळायची आशा असते, म्हणून पहिले काही तासच मोलाचे. महिना झाला असला तरी तक्रार टाकाच, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर किंवा ठाण्यात जाऊन. बँकेतही लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं ग्राहकानं किती दिवसांत कळवलं यावर त्याची जबाबदारी ठरते, म्हणून पोच घ्यायला विसरू नका. पैसे येतीलच असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी कोणाचे गेले तर मात्र पहिल्या तासात फोन झाला पाहिजे. ग्रुपच्या वर्णनात १९३० हा आकडा लिहूनच ठेवा.

आणि एक नियम करा. या ग्रुपात एपीके कोणीही टाकायची नाही. पोलीस पाटलानं नाही, सरपंचानं नाही, तुम्हीसुद्धा नाही. लग्नाची पत्रिका म्हणून येते, आरटीओचं चलान म्हणून येते, बँकेची केवायसी म्हणून येते, नाव काहीही असो. पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते खात्यात यायला व्हॉट्सअ‍ॅपवरची कुठलीच फाइल लागत नाही. ई-केवायसी करायची तर सरकारी संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं, किंवा सीएससी केंद्रावर जाऊन अंगठा लावून. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीची नोंदणीही २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' या अ‍ॅपवर आली. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८,११० रुपये जाहीर झाले आणि बाजारात त्याहून पडेल भाव असला की शेतकरी नोंदणीसाठी जीव टाकतो. अशा वेळी "इथून डाउनलोड करा" म्हणून येणारी लिंक चोरांसाठी सोन्याची. चोराचं पंचांग आपल्या हंगामाबरहुकूम चालतं, हे लक्षात ठेवा. पेरणीच्या तोंडावर कर्जाच्या जाहिराती वाढतात आणि वेचणीनंतर शेअर बाजाराच्या. निदान माझ्या फोनवर तरी मी असंच पाहिलं आहे.

१९०९ बद्दल. तुम्ही केलं ते योग्यच केलं, पण ते दुसऱ्या दाराचं कुलूप आहे. डीएनडी चालतं ते मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून येणाऱ्या फोन आणि एसएमएसवर. व्हॉट्सअ‍ॅप इंटरनेटवरून येतं, तिथं १९०९ चा हात पोचत नाही. जाता जाता सांगते, एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. दहा आकडी साध्या नंबरवरून 'तुमची वीज आज रात्री कापणार' असा मेसेज आला तर तो महावितरणचा नाही, हे यावरूनच कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फसव्या मजकुराची तक्रार दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' या ठिकाणी करता येते, पैसे अजून गेलेले नसतील तर. गेले असतील तर १९३०.

जेलची भीती काढून टाका, पण पूर्ण नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं याच विषयावर निकाल दिला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, आपल्याच भागातलं. ग्रुपातल्या एका सदस्यानं आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही नोंदला गेला. न्यायालय म्हणालं, अ‍ॅडमिनला माणूस घेता-काढता येतो, पण कोण काय लिहिणार यावर त्याचा आधी ताबा नसतो. दोघांचा मिळून काही बेत असल्याचं दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळं पारावर बसून "जेल होते" म्हणणाऱ्याला हे सांगा. याचा अर्थ घाण तशीच पडू द्यावी असा नाही. त्या निकालानंतर, २०२२ पासून, अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी पुसता येतो. जे हातात आहे ते केलेलं दिसावं.

त्या फोटोंचं वेगळं सांगते. पुरावा म्हणून ते कोणाला फॉरवर्ड करू नका, अगदी मित्राला "बघ रे काय आलं" म्हणूनही. अश्लील मजकूर पुढं पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. क्रम असा ठेवा : आधी त्या नंबरची व्हॉट्सअ‍ॅपकडं रिपोर्ट, मग मेसेज सगळ्यांसाठी पुसणं, मग नंबर बाहेर. उलट केलंत तर रिपोर्ट करायला हाती काही उरत नाही.

आणि हे तुम्ही एकट्यानं करायचं नाही. तुमची खरी चूक मला विचाराल तर फ्लेक्स नाही, सहा वर्षं एकटेच अ‍ॅडमिन राहिलात ही आहे. जागलीला माणूस एकटा जात नाही. गेला तरी शेजारच्या मचाणावर कोणीतरी आहे, हाक दिली तर ओ येईल, एवढं पाहूनच जातो. पाच अ‍ॅडमिन करा. एक सकाळी लवकर उठणारा, एक रात्री उशिरापर्यंत जागा असणारा कॉलेजातला पोरगा, एक तो कृषी केंद्रवाला मित्र (लिंक त्यानंच छापली, आता निस्तरूही दे). आणि किमान एक बाई. आशाताई चालतील, अंगणवाडीच्या मॅडम चालतील, बचत गटातली कोणी चालेल. ज्या चार जणी गेल्या त्यांना परत बोलवायचं तर तुमच्या "आता सगळं ठीक आहे"ला कोणी भीक घालणार नाही. आत एक बाई बसलेली आहे आणि तिच्या हातात डिलीटचं बटन आहे, हे कळलं तर येतील.

मोठ्या काकांचा प्रश्न मात्र सेटिंगमध्ये सुटत नाही.

काका जे टाकतात ते स्पॅम नाही. गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल, 'अकरा जणांना पाठवा', मूतखड्यावरचा रामबाण उपाय, या सगळ्यांचा वैताग येतो हे खरं, पण काका उद्या सकाळी समोरासमोर भेटणार आहेत. त्यांना जाब विचारता येतो. माझ्या लेखी फरक इथंच आहे. "बैलजोडी विकणे आहे, सहा दाती, किंमत समोरासमोर" ही जाहिरातच आहे, पण ती टाकणारा कोणत्या घरात राहतो हे गावाला माहीत आहे आणि बैल लंगडा निघाला तर त्याच्या दारात जाता येतं. कर्जाची जाहिरात टाकणाऱ्याच्या दारात कोण जाणार? म्हणून 'जाहिरात बंद' असा सरसकट नियम करू नका. बैल, कडबा, जुनं फवारणी यंत्र, घरचं तुरीचं बेणं, हे सगळं चालू द्या. त्यासाठी तर माणसं ग्रुपात आहेत.

काकांना काम द्या. ही माझी युक्ती नाही, घरातल्या सगळ्या बायांना ठाऊक असलेली आहे. जो माणूस स्वयंपाकघरात मधे मधे करतो त्याला लसूण सोलायला बसवायचं. काका आठवड्यातून एक-दोनदा बाजार समितीत जात असतील, नाहीतर फोनवर कोणाला तरी भाव विचारत असतील. त्यांना सांगा, "काका, कापूस, तूर अन् सोयाबीनचा भाव रोज तुम्हीच टाकायचा. किमान, कमाल अन् सरासरी. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात." मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान विभागाचा कृषी सल्ला येतो, तोही त्यांच्याकडंच द्या. रोज एक खरं काम हातात आलं की गुलाबाची फुलं आपोआप कमी होतात. पूर्ण बंद होणार नाहीत. त्यांच्यासाठी 'गावगप्पा' म्हणून दुसरा ग्रुप काढा आणि काकांनाच तिथं अ‍ॅडमिन करा. पहिल्या आठवड्यात काका तिथं दुसऱ्याचे फॉरवर्ड डिलीट करताना दिसले नाहीत तर मला पत्र लिहा.

आता तुमचा मुख्य प्रश्न : फक्त अ‍ॅडमिन लिहील असं करू का?

नका करू. मी करून बसले आहे.

वर्धा जिल्ह्यात आमच्या बचत गटांचा एक ग्रुप मी सांभाळत होते. जाहिरातींचा असाच उच्छाद झाला आणि एका रात्री चिडून मी ग्रुपाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी काय शांतता! मला माझंच कौतुक वाटलं. महिना-दीड महिना छान गेला. मग ऑगस्टात एकदा पहाटे नळाला गढूळ पाणी आलं, वास येणारं. वरच्या वस्तीतल्या एकीनं पाच वाजताच पाहिलं. पूर्वी तिनं फोटो टाकला असता आणि दहा मिनिटांत गावाला कळलं असतं. आता तिला लिहिताच येत नव्हतं. तिनं मला फोन केला, माझा फोन माजघरात चार्जिंगला आणि मी गोठ्यात. मी आठ वाजता पाहिलं तोवर अर्ध्या गावानं पिण्याचं भरून ठेवलं होतं आणि पोरांनी पिऊनही झालं होतं. मोठं काही झालं नाही, दोन-चार पोरांची पोटं बिघडली. पण ती बाई मला म्हणाली, "ताई, तुम्ही चोराईच्या नादात आमचंच तोंड बांधलं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच दिवशी कुलूप काढलं.

तुमच्याकडं तर वाघ आहे. शिवारात ठसे दिसले आणि पाहणाऱ्याला अ‍ॅडमिन उठेपर्यंत थांबावं लागलं, तर असा शांत ग्रुप काय कामाचा? एखाद्या रात्री जाहिरातींचा फारच मारा झाला तर दोन तास कुलूप लावा, साफ करा, पुन्हा उघडा. कायमचं नको. ग्रुप बंद करायचं तर बोलूच नका. तुम्ही बंद केलात की आठ दिवसांत दुसरा कोणी तसाच काढेल आणि त्याची लिंक पुन्हा कुठल्यातरी फ्लेक्सवर जाईल.

फ्लेक्सवरून आठवलं. लिंक रिसेट केल्यावर जुना क्यूआर कोड तिथं नुसता राहू देऊ नका. लोक फोन लावून पाहतील, उघडणार नाही, आणि दुकानदाराला छळतील. त्यावर एक कोरा कागद चिकटवा आणि लिहा : "ग्रुपात यायचं असेल तर दुकानात नाव सांगा." कृषी केंद्रवाल्यालाही बरं, नाव सांगायला आलेला माणूस खताची एक पिशवी घेऊन जाईल.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. फोन विहिरीत टाकायची गरज नाही, पण त्यांचा वैताग खरा आहे. रात्री दहानंतर तो त्यांच्या हातात द्या. किमान एक बाई अ‍ॅडमिन हवी म्हटलं ना, तिला शोधायला गावभर फिरण्याआधी घरात विचारून पाहा. शिव्या न देता नंबर काढणारं माणूस पाहिजे आहे, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं, ते काम त्या तुमच्यापेक्षा लवकर उरकतील.

– तुमची ताई